ग्राहक खोटं बोलतो तेव्हा, आणि आपण बोलतो तेव्हा

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या पलूसच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: घरच्या हळदीची पूड आणि बेदाणा त्या ऑनलाइन विकतात, काही मोठ्या साइटवरून, काही व्हॉट्सॲपवरून. कॅश ऑन डिलिव्हरीची बरीच पार्सलं 'नको' म्हणून परत येतात. एकदा परत आलेल्या पाकिटात भलताच बेदाणा निघाला. एका बाईंनी 'हळदीत रंग मिसळलाय' असा शेरा टाकला. आणि त्यांच्या जावेला इन्स्टाग्रामवरच्या एका पेजने साडीत फसवलं. "लोक इतके खोटे असतील तर सरळ वागून हा धंदा होतो का? कुणावर किती विश्वास ठेवायचा?"

ताई, होतो. तुमच्या चारही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या एका जातीच्या नाहीत. वेगवेगळ्या करून बघितल्या तर घाबरण्यासारखं निम्मंच उरतं.

आमच्या घरी आधी सांगलीच्या मार्केट यार्डात अडत होती, आता बराचसा माल पार्सलने जातो. दोन्हीकडचं खोटं मी जवळून बघितलंय. लोक म्हणतात, पूर्वी व्यवहार शब्दावर चालायचे, आता माणसं बिघडली. मला हे पटत नाही. यार्डातही कडता, म्हणजे वजनातली जादा घट, कापला जायचा, वजनात हात मारला जायचा. बेदाण्याच्या सौद्यात नमुन्याला फोडलेल्या बॉक्समधला माल उधळायचे आणि ती तूट शेतकऱ्याच्या डोक्यावर बसायची, त्यावरून किती भांडणं झाली हे तुमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी तो बाजार चालतो. ज्याला आज फसवलं तोच शेतकरी पुढच्या सौद्याला समोर असतो, आणि तो आला नाही तर त्याच्याबरोबर त्याची अख्खी भावकी दुसऱ्या पेढीवर जाते. शिवाय दिवाळीच्या तोंडावर बेदाण्याचे सौदे बंद ठेवून सगळ्यांनी सगळ्यांची देणी मिटवायची, ही 'झिरो पेमेंट'ची रीत आहे. ज्याचं मिटत नाही त्याची चर्चा पेढीपेढीवर होते. हे सगळं कुणाच्या सज्जनपणावर उभं नाही. तिथे खोटेपणा महाग पडतो, एवढंच.

ऑनलाइनमध्ये तो स्वस्त पडतो. नागपूरच्या गिऱ्हाइकाला तुम्ही जन्मात भेटणार नाही, त्याला तुमची भीडमुर्वत कशाला? तसंच तुम्हालाही त्याची नाही, हे विसरू नका. त्याच्या बाजूनेही तोच विचार चालू असतो. म्हणून माणसं ओळखायच्या भानगडीत न पडता, आपल्या व्यवहारात खोटं कुठे स्वस्त पडतं ते हुडकायचं आणि तिथे ते महाग करायचं. अशा जागा फार नाहीत: माल भरताना, दारात पार्सल देताना, आणि परतीला.

त्याआधी ती हळदीची तक्रार, कारण ती फसवणूक नाहीच. फोनवर असं बोलणं मी अनेकदा केलंय:

"तुमच्या हळदीत रंग आहे."

"कशावरून वाटलं ताई?"

"आमच्या नेहमीच्या हळदीपेक्षा वेगळीच दिसते. आणि भाजीला फार रंग चढतो."

"नेहमीची कुठली वापरता?"

"सुट्टी. दुकानातून."

यात बाईंचं खोटं काहीही नाही. त्यांनी आयुष्यभर कणी आणि गड्डा (हळदीचे तुकडे आणि मूळकंद, म्हणजे हलका माल) दळलेली स्वस्त पूड वापरली आणि आता निवडक हळकुंडाची वापरली, तर फरक दिसणारच. कधी उलटही होतं: दुकानातली पिवळीधमक बघून सवय झालेल्याला आपली मातकट वाटते. दोन्ही वेळा आपण 'आमची शंभर टक्के शुद्ध आहे' म्हणतो आणि तिथेच हरतो, कारण भेसळवाला हेच वाक्य आपल्यापेक्षा मोठ्या अक्षरात छापतो.

त्यापेक्षा त्यांना स्वतःच्या ओट्यावर करता येईल अशी परीक्षा सांगा. अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच ती घरगुती चाचणी म्हणून दिली आहे: काचेच्या ग्लासात साधं पाणी घ्या, चमचाभर हळद टाका, हलवू नका. चांगली हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. रंग घातलेली असेल तर बसता बसता पाणी गडद पिवळं करते. अख्ख्या हळकुंडाला चकाकीसाठी लेड क्रोमेट (शिशाचं पिवळं रसायन) चोपडलेलं असेल तर पाण्यात टाकल्या टाकल्या पिवळा रंग सुटतो. ही ढोबळ परीक्षा आहे. शिशाचा नेमका अंदाज प्रयोगशाळेतच येतो. पण गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने ती करतं, याला किंमत आहे. आम्ही ही चाचणी पाकिटातल्या चिठ्ठीवर छापतो, शेजारच्या दुकानातली हळदही दुसऱ्या ग्लासात टाकून बघा असं लिहून. ही चिठ्ठी सुरू केल्यापासून रंगाच्या तक्रारी जवळपास थांबल्या.

प्रयोगशाळेचा अहवाल जरूर करून घ्या, मान्यताप्राप्त लॅबमधूनच. मात्र अहवालावरचा आणि पाकिटावरचा बॅच क्रमांक एकच पाहिजे. मागच्या वर्षीच्या मालाचा कागद यंदाच्या पाकिटाशेजारी लावणारे आपल्यातच पुष्कळ आहेत, आणि गिऱ्हाईक बॅच नंबर बघत नाही या भरवशावर ते चालतं. हल्ली बघायला लागलेत.

बेदाण्याचं त्याहून नाजूक. हिरवा माल कोल्ड स्टोरेजमधून बाहेर काढला की हळूहळू तांबूस व्हायला लागतो, गंधकाची धुरी कमी दिलेला तर जास्तच. तुम्ही फोटो काढला फेब्रुवारी-मार्चच्या ताज्या मालाचा, आणि गिऱ्हाइकाला पार्सल मिळालं दिवाळीनंतर. तो म्हणणार, दाखवला एक आणि पाठवला दुसरा. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. म्हणून फोटो दर दोन-तीन महिन्यांनी नवा, खिडकीजवळच्या उजेडात, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. मण्याचा आकार नाण्यावरून कळतो, शब्दांवरून कळत नाही. 'धुरी दिलेला आहे, म्हणून रंग हिरवा आहे' हेही सरळ लिहा. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. खप थोडा कमी झालाही, पण परती त्याहून जास्त कमी झाल्या, आणि आमच्या धंद्यात नफा खाते ती परतीच.

आता ते भलताच माल निघालेलं पाकीट. ही उघड लबाडी आहे आणि ती होते. फक्त ती गिऱ्हाइकानेच केली असं धरून चालू नका. पाकीट तुमच्याकडून निघाल्यावर हबमध्ये, गाडीत, डिलिव्हरी बॉयच्या पिशवीत आणि परतीला पुन्हा त्याच साखळीतून फिरतं. कुणीही हात मारू शकतो. त्यामुळे संशय घेण्याआधी पुरावा उभा करा.

आमच्या टेबलावर काय होतं ते सांगतो. मोबाइल स्टँडला लावलेला, वरून खाली बघणारा. वजनकाटा, पाकीट, पार्सलचं लेबल आणि हात एवढंच चित्रात. पाकीट काट्यावर, आकडा दिसतो. मग सीलिंग मशीन. आमच्या मशीनचा सील आडव्या रेघांचा पडतो आणि एका टोकाला पट्टीवरच्या चिरेमुळे बारीक खूण उमटते. ती पट्टी मी मुद्दाम बदलत नाही. मग बॅचचं स्टिकर अर्धं सीलवर, अर्धं पाकिटावर, म्हणजे उघडलं की फाटणार. मग बॉक्स, टेप, लेबलचा बारकोड जवळून. हे सगळं एका दमात, मध्ये कट नाही. एका पार्सलला मिनिटभर जातो. परत आलेलं पार्सलही तसंच उघडायचं: आधी लेबल, मग चारही बाजूंची टेप, मग काटा, मग आतलं.

एकदा परत आलेलं अर्धा किलोचं पाकीट बाहेरून अगदी आमचंच होतं. सील मात्र उभ्या रेघांचा. आत बारका, काळपट, देठासकट बेदाणा. सीलचे दोन फोटो शेजारी ठेवून दावा टाकला तेव्हा पैसे मिळाले. त्याच साइटने आधी 'माल चुकीचा आला' एवढं लिहिलेले दावे एका ओळीत फेटाळले होते. त्यांच्याकडे बसलेल्या माणसाला शेकडो दावे बघायचे असतात; त्याला एका नजरेत फरक दिसला पाहिजे. आणि दाव्याची मुदत थोडी असते, परत आलेली पार्सलं रविवारी निवांत फोडू म्हणून कोपऱ्यात रचून ठेवू नका.

व्हॉट्सॲपवरून थेट विकलेल्या मालाला असा कुणी पंच नसतो. तिथे माझा नियम: पहिल्यांदा तक्रार करणाऱ्याला, रक्कम लहान असेल तर, वाद न घालता पैसे किंवा माल परत. त्याच्या नावापुढे वहीत खूण. दुसऱ्यांदा त्याच पद्धतीची तक्रार आली की गोड बोलून हात जोडायचे आणि पुन्हा माल द्यायचा नाही. माझ्या अनुभवात वहीत दुसरी खूण पडणारी माणसं फार थोडी निघाली. अर्धा किलो बेदाण्यासाठी कुणी रोज खोटं बोलत नाही. पण त्या थोड्यांचा राग आपण बाकीच्यांवर काढतो, प्रत्येकाकडे व्हिडिओ मागतो, प्रत्येकाला चोर समजून उत्तर देतो. पाकीट फुटलं म्हणून कळवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला 'अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा' म्हणणं हा नुसता उद्धटपणा आहे.

वजनाचं एक सांगायचं राहिलं. बेदाण्यात ओल असते, उन्हाळ्यात पाकीट आठ-पंधरा ग्रॅमनी उतरू शकतं. पाचशे ग्रॅम छापलं असेल तर ते गिऱ्हाइकाच्या काट्यावर पाचशे भरलं पाहिजे, पिशवी वगळून. थोडा जास्त घाला. पिशवी वगळून वजन धरायचं हा वैधमापनवाल्यांचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, नियमच आहे, आणि हल्ली स्वयंपाकघरात वजनकाटा घराघरात आलाय.

कॅश ऑन डिलिव्हरीच्या परतीकडे येतो. यावर माझं मत बऱ्याच विक्रेत्यांना आवडत नाही. जे पार्सल नाकारतात त्यातले बहुतेक खोटे नसतात. गावाकडचा माणूस रोखीवर अडून बसतो कारण त्याला, किंवा तुमच्या जावेसारखं त्याच्या घरात कुणाला तरी, आधी कुणीतरी फसवलेलं असतं. पैसे हातात ठेवणं एवढंच त्याच्याकडचं हत्यार आहे. मग पार्सल येतं तेव्हा बाई रानात असते, घरात सासरे असतात, त्यांना काही माहीत नसतं, नाहीतर त्या दिवशी घरात तेवढी रोकड नसते. आणि पुष्कळदा तर पार्सल दारात गेलेलंच नसतं. पत्त्यात 'मारुतीच्या देवळामागे' लिहिलेलं, डिलिव्हरी करणाऱ्याला संध्याकाळपर्यंत तेवढ्यात पन्नास घरं गाठायची, तो वाटेतूनच 'ग्राहक उपलब्ध नाही' असं बटण दाबतो. तुमच्या पडद्यावर ते गिऱ्हाइकाच्या नावावर लागतं.

उपाय साधे आहेत. ऑर्डर आल्यावर पाठवण्याआधी एक फोन, किंवा तुमच्याच आवाजातला निरोप: "पलूसवरून बोलतेय, तुमचा एक किलो बेदाणा उद्या निघेल, अमुक रुपये तयार ठेवा, घरी कुणाकडे देऊ?" ज्याने गंमत म्हणून ऑर्डर टाकली तो इथेच गळतो. जो राहतो त्याला आता तुमचा आवाज ओळखीचा झालेला असतो, आणि ओळखीच्या माणसाला नाही म्हणायला जीभ जरा जड होते. थेट विक्रीत पाठवणीचा खर्च तेवढा आधी मागा, मालाचे पैसे दारात. दोघांचंही थोडं थोडं अडकतं, मग दोघंही नीट वागतात. 'उपलब्ध नाही' असा शेरा दिसला की त्याच दिवशी गिऱ्हाइकाला विचारा, आणि 'मी दिवसभर घरीच होते' असं उत्तर आलं तर ते कुरिअरकडे तक्रारीला जोडा.

कुरिअरवाले विक्रेत्यालाही वजनात धरतात. हलकं पण मोठं खोकं असेल तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येईल ते किलो धरून पैसे लावतात. आकडा कंपनीगणिक बदलतो. अर्धा किलोच्या बेदाण्याला बुटाचं खोकं वापरलंत तर भाडं दुपटीवर जाईल आणि तुम्ही लुबाडलो गेलो म्हणून बसाल. खोक्याला मोजपट्टी लावून मापाचा फोटो ठेवा.

खऱ्या भामट्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांची पद्धत आता सगळीकडे सारखीच आहे. मोठी ऑर्डर, भाव न करता. बोलणारा सांगतो, मी लष्करात अधिकारी आहे, कँटीनसाठी पन्नास किलो पाहिजे. मग तो क्यूआर कोड पाठवतो, 'स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील'. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. दुसरा प्रकार म्हणजे पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसेपर्यंत माल बांधूही नका, समोरचा कितीही घाई करो. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० वर फोन करा. तो सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा क्रमांक आहे, आणि लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. उद्या बघू म्हटलं की रक्कम चार खाती ओलांडून गेलेली असते.

इथवर त्यांचं झालं. आता आपलं.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून ते बोधचिन्ह कुणीही कुठल्याही पाकिटावर चिकटवतो. ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, नुसतं सांगली जिल्ह्यात घर असून चालत नाही. तुमची नोंदणी नसेल तर करून घ्या, तोवर 'पलूस तालुक्यात पिकवलेली' एवढं लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे. 'हरिपूरच्या पेवातली (जमिनीखालच्या कोठारातली) हळद' हे तर मला वाचवत नाही. हरिपूरच्या जमिनीत हळद पेवात वर्षानुवर्षं टिकायची ही गोष्ट खरी, पण २००५ च्या महापुराने त्या पेवांची फार हानी केली आणि साठवण गोदामांकडे, शीतगृहांकडे गेली. आज पेव न बघितलेली हळद पेवाच्या नावावर पुण्या-मुंबईत दीडपट भावाने जाते. विकणारे आपलेच लोक आहेत. 'सेंद्रिय' शब्दाचंही तेच. प्रमाणपत्राशिवाय तो सहसा छापता येत नाही. शेणखत घातलं म्हणजे माल कागदावर सेंद्रिय होत नाही. खोटी छापील किंमत लावून त्यावर साठ टक्के सूट दाखवणं हाही खोटेपणाच, आपण त्याला 'ऑफर' म्हणतो.

मग शेरे. तुम्हाला कुणीतरी फोन करेलच, पन्नास पाच-तारांचे शेरे इतक्या रुपयांत. घेऊ नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून शेरे लिहिणं बेकायदा आहे, आणि भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन शेऱ्यांसाठी वेगळं मानकही काढलं. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहारात ते अंगावर येतं. मी स्वतः काही घेताना पाच तारा वाचतच नाही, तीन तारांचे शेरे वाचतो. तिथे माणसं खरं बोलतात: 'चव चांगली, पण पाकीट फाटलेलं आलं'. तुमच्या पानावर असे दोन-चार शेरे असणं ही तुमची साख आहे.

'फक्त २ नग शिल्लक' असं खोटं लिहून घाई करायला लावणं, पैसे भरताना न मागितलेली वस्तू टोपलीत घुसवणं, शेवटच्या पानावर भलतंच शुल्क वाढवणं, अशा १३ युक्त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवल्या आहेत. यातल्या बऱ्याचशा मोठ्या साइटच वापरतात, आणि त्यांच्याकडे बघून लहान विक्रेता शिकतो. तुमच्याकडे खरोखर दहाच किलो उरला असेल तर जरूर लिहा. नसेल तर नको.

बिल प्रत्येकाला द्या, व्हॉट्सॲपवरच्यालाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत न घेणं हीसुद्धा, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवस धरतात. खाण्याच्या वस्तूंना तीस दिवस फार होतात, म्हणून बिलावर मुदत स्वतः लिहा. पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, पत्ता, वजन, किंमत, पॅकिंगचा महिना आणि जो फोन तुम्ही खरोखर उचलता तो नंबर असावा.

जावेच्या साडीचं. कायदा त्यांच्या बाजूने आहे, वाट मात्र खडतर आहे. त्यांनी जाहिरातीचा, पेजचा, पैसे भरल्याचा आणि पार्सलच्या लेबलचा फोटो जपून ठेवावा. लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता असतं आणि पुष्कळदा तोच एकमेव धागा असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. माल मोठ्या साइटवरून घेतला असता तर त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार मिटवावी लागते. त्याने भागलं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. विक्रेता सुरतेत असो की दिल्लीत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ही २०१९ च्या कायद्याने केलेली मोठी सोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, वकील लागतोच असं नाही, ऑनलाइनही दाखल होते.

पण ज्या पेजला पत्ताच नाही त्याला आयोगाची नोटीस कुठे पोचवणार? म्हणून सातशे रुपयांच्या साडीत पैसे परत येतील असं मी जावेला सांगणार नाही. तक्रार तरी करावी, अशा नोंदी साठल्या की पेज बंद होऊ शकतं. आणि 'रिफंड देतो, ही लिंक उघडा' असा फोन आला तर उचलून ठेवून द्यावा. एकदा फसलेल्यांची यादीही विकली जाते. पुढच्या वेळी खरेदीआधी तीन गोष्टी बघायच्या: पूर्ण पत्ता, उचलला जाणारा फोन, आणि परतीचा नियम कुठेतरी लिहिलेला. तिन्हीतलं एक जरी नसेल तर साडी कितीही सुंदर असो, घ्यायची नाही.

एक अडचण तुम्हाला माहीत असलेली बरी. हा सगळा ग्राहक कायदा विकत घेणाऱ्यासाठी आहे. गिऱ्हाइकाने तुम्हाला फसवलं तर तुम्ही आयोगात जाऊ शकत नाही. साइटशी वाद असेल तर त्यांच्या करारातल्या अटी लागू होतात, ज्या आपण न वाचता मान्य केलेल्या असतात. ठरवून केलेली मोठी फसवणूक असेल तर पोलिसांत, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. पूर्वी ज्याला सगळे चारशेवीस म्हणायचे तेच हे. अर्धा किलो बेदाण्यासाठी तिथे कुणी जात नाही, म्हणून विक्रेत्याचं खरं संरक्षण त्या टेबलावरच्या मोबाइलमध्ये आहे.

राहिला तो रंगाचा शेरा. उत्तर तिथेच, सगळ्यांना दिसेल असं द्या. साधारण असं: "नमस्कार. आमची हळद निवडक हळकुंडाची आहे, म्हणून रंग नेहमीच्या पुडीपेक्षा वेगळा वाटू शकतो. तुमच्या पाकिटाच्या बॅचचा प्रयोगशाळा अहवाल खाली जोडला आहे. घरी करायची पाण्याची चाचणीही लिहिली आहे, कृपया करून बघा. तरी शंका राहिली तर उरलेलं पाकीट आमच्या खर्चाने परत पाठवा, पूर्ण पैसे देऊ." अहवाल अजून केला नसेल तर आधी करा, तोवर ते वाक्य गाळा. बाईंनी पुढे काही लिहिलं नाही तरी शेरा काढून टाकायची गळ त्यांना घालू नका.